युरोप सेक्युलर कसा झाला? दुर्बिणीकडे नंतर, आधी चर्चच्या वह्यांकडे बघा

प्रश्न असा आहे: पाश्चात्त्य समाज सेक्युलर झाला तो विज्ञानामुळे, ज्ञानोदय काळातल्या विचारवंतांमुळे की फ्रेंच राज्यक्रांतीमुळे? सुरुवात नेमकी कुठून धरायची? आणि ही प्रक्रिया आता पूर्ण झाली असं म्हणता येईल का?

मी बरीच वर्षं पदवी आणि पदव्युत्तर वर्गांना युरोपचा इतिहास शिकवतो. हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. उत्तर थोडं लांबेल, म्हणून गाभा आधीच सांगून टाकतो. चर्च आणि राज्य यांची फारकत सगळ्यांत आधी मागितली ती चर्चनेच. त्यानंतरच्या सात-आठशे वर्षांत चर्चकडची एकेक कामं सरकारकडे गेली. जन्माची नोंद, लग्नाची वैधता, दफन, शाळा, गरिबांना मदत, जमिनी, सगळं. ती नेणाऱ्यांपैकी बरेच जण स्वतः श्रद्धाळू होते. त्यांना धर्म बुडवायचा नव्हता, समोरचा एखादा रोकडा तंटा मिटवायचा होता. वारशाचा, लग्नाचा, नाहीतर जमिनीचा. विज्ञानाचा वाटा आहेच, पण तो उशिराचा आणि आपण समजतो त्यापेक्षा लहान आहे.

शाळेत शिकवली जाणारी साखळी सगळ्यांना पाठ असते: कोपर्निकस, गॅलिलिओ, न्यूटन, व्होल्तेर, राज्यक्रांती, डार्विन. यातले सगळे टप्पे खरे आहेत, पण कार्यकारणभाव जुळत नाही. कोपर्निकस हा फ्राउएनबुर्गच्या कॅथीड्रलचा पदाधिकारी होता आणि १५४३ मधला आपला ग्रंथ त्याने पोप तिसरा पॉल याला अर्पण केला. न्यूटनने बायबलमधल्या भविष्यवाण्यांवर ढीगभर कागद लिहून ठेवले. रॉबर्ट बॉइलने तर मृत्युपत्रात ख्रिस्ती धर्माच्या समर्थनार्थ व्याख्यानमालेसाठी पैसे ठेवले. गॅलिलिओवरचा १६३३ चा खटला खराच, पण ‘विज्ञान विरुद्ध धर्म’ असं अखंड युद्ध चालू होतं ही मांडणी १८७० नंतर रूढ झाली. ती रूढ करण्यात जॉन ड्रेपर आणि अँड्र्यू व्हाइट या दोन अमेरिकनांचा मोठा हात होता. आणि दुसरी अडचण याहून मोठी आहे. १७५० च्या सुमारास दक्षिण फ्रान्समधल्या शेतकऱ्याने न्यूटनचं नावही ऐकलेलं नव्हतं, तरी त्याचं चर्चशी असलेलं नातं बदलायला लागलं होतं. ते कशामुळे?

आपल्याकडे ही लढाई विचारांचीच होती असं वाटण्याला एक कारण आहे. मराठी वाचकाला हा विषय भेटला तो आगरकरांच्या पिढीमार्फत, आणि त्या पिढीला भेटला मिल आणि स्पेन्सर यांच्या पुस्तकांमार्फत. पुस्तकं समुद्र ओलांडून आली. पॅरिशच्या (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या) नोंदवह्या, नोटरींची दप्तरं, मठांच्या जमिनींचे लिलाव तिकडेच राहिले.

सुरुवात पोपपासून

अकराव्या शतकापर्यंत ख्रिस्ती युरोपातला राजा हा निव्वळ राज्यकर्ता नव्हता. राज्याभिषेकात त्याला पवित्र तेल लावलं जाई. तो बिशप नेमे आणि त्यांच्या हातात अंगठी व धर्मदंड स्वतः देई. बिशपांकडे जहागिऱ्या असत, त्यामुळे बिशप म्हणजे राजाचा सरदारही.

पोप सातवा ग्रेगरी याला हे मान्य नव्हतं. १०७५ मध्ये त्याने सत्तावीस कलमांचं एक टिपण तयार केलं. बादशहाला (म्हणजे जर्मनी आणि इटलीवर राज्य करणाऱ्या पवित्र रोमन सम्राटाला) पदच्युत करण्याचा अधिकार पोपला आहे, हे त्यातलं एक कलम. बादशहा चौथा हेन्री याने उलट पोपलाच पायउतार व्हायला सांगितलं. पोपने त्याला बहिष्कृत केलं आणि जर्मन सरदारांनी ही संधी साधली. जानेवारी १०७७ मध्ये हेन्री इटलीतल्या कानोसा किल्ल्याच्या दाराशी तीन दिवस अनवाणी ताटकळत उभा राहिला, तेव्हा कुठे क्षमा मिळाली. हे दृश्य पोपचा विजय म्हणून सांगितलं जातं. पण भांडण पुढे चाळीसहून अधिक वर्षं चाललं आणि ११२२ मध्ये वर्म्सच्या करारात तडजोड झाली: अंगठी आणि धर्मदंड चर्च देईल, जमीन आणि तिचे अधिकार राजदंडाच्या स्पर्शाने बादशहा देईल.

मला विचाराल तर सगळ्या कथेतला निर्णायक क्षण हाच. एकाच माणसाच्या पदाचे दोन भाग झाले, एक ‘आध्यात्मिक’ आणि एक ‘ऐहिक’. राजाला आपल्या प्रांतातून बाहेर काढताना पोपने राजाचाही एक स्वतंत्र प्रांत असल्याचं कबूल केलं. राजाचं पावित्र्य काढून घेतलं आणि त्याला साधा संसारी माणूस ठरवलं. मग त्या संसारी माणसाने आपला संसार वाढवायला घेतला, यात नवल ते काय?

यानंतर दोन्ही बाजूंनी कायद्याची यंत्रणा उभी राहिली. ११४० च्या आसपास बोलोन्यात ग्राशियनने चर्चच्या कायद्याचं संकलन केलं. चर्चची न्यायालयं, अपिलं, वकील अशी पूर्ण व्यवस्था तयार झाली आणि राजांनी तिचीच नक्कल केली. इंग्लंडमध्ये दुसऱ्या हेन्रीचं आर्चबिशप बेकेटशी बिनसलं ते देवावरून नव्हे. गुन्हा केलेल्या पाद्र्याला शिक्षा कुणाच्या कोर्टात व्हायची, यावरून. बेकेटचा ११७० मध्ये कॅथीड्रलमध्येच खून झाला. १३२४ मध्ये पादुआच्या मार्सिलियसने तर लिहूनच टाकलं की सक्तीचा अधिकार फक्त राज्याला आहे, पाद्र्याला फक्त उपदेशाचा. अजून कोपर्निकस जन्मायला जवळजवळ दीडशे वर्षं होती.

ल्यूथरने काय जाळलं?

प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या जर्मन धर्मगुरू ल्यूथरचे १५१७ चे प्रबंध सगळ्यांना माहीत असतात. मी वर्गात त्यापेक्षा १० डिसेंबर १५२० या दिवसावर जास्त वेळ घालवतो. त्या दिवशी विटेनबर्गच्या वेशीबाहेर त्याने पोपचं आज्ञापत्र जाळलं, आणि त्याबरोबर चर्चच्या कायद्याचे ग्रंथही जाळले. आज्ञापत्र जाळणं हा निषेध झाला. कायद्याचे ग्रंथ जाळले की दुसऱ्या दिवसापासून खटले तुंबतात. लग्न कायदेशीर केव्हा? नवरा परागंदा झाला तर बायकोने काय करायचं? आतापर्यंत याची उत्तरं चर्चच्या कोर्टात मिळत. ल्यूथरने लग्नाला संस्कार मानायचं नाकारलं आणि ती ऐहिक बाब ठरवली, तेव्हा ती कामं साहजिकच राजा आणि नगरपरिषदेकडे आली. झुरिचमध्ये १५२५ मध्येच नवं विवाह-न्यायालय स्थापन झालं आणि त्यात धर्मोपदेशकांच्या शेजारी नगरपरिषदेचे सदस्य बसले. हे सगळे कडवे ख्रिस्ती होते, हे पुन्हा सांगायला हवं.

जमिनींचंही तसंच. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे ८०० मठ बंद केले आणि जमिनी भराभर विकल्या. पुढे त्याची कट्टर कॅथलिक मुलगी मेरी गादीवर आली आणि तिने देश पुन्हा पोपच्या पंखाखाली नेला. पण मठांच्या जमिनी परत मिळाल्या नाहीत. १५५४ मध्ये पोपच्या प्रतिनिधीला, कार्डिनल पोलला, मान्य करावं लागलं की ज्यांनी त्या घेतल्या आहेत त्यांच्याकडेच त्या राहतील. संसदेत बसलेल्या कॅथलिक सरदारांनीही त्या विकत घेतल्या होत्या! मन पालटता येतं, सातबारा पालटत नाही.

त्यानंतरची शंभर वर्षं रक्ताची आहेत. २४ ऑगस्ट १५७२ ला पॅरिसमध्ये सुरू झालेली प्रोटेस्टंटांची कत्तल ही त्यातली सर्वांत कुप्रसिद्ध. या गदारोळात फ्रान्सचा चॅन्सलर मिशेल द लोपिताल याने १५६२ मध्येच एक वेगळा मुद्दा मांडला होता. चर्चने बहिष्कृत केलेला माणूसही राज्याचा नागरिक राहतोच, असं त्याचं म्हणणं. त्याला सहिष्णुतेचा पुळका होता म्हणून नव्हे, राज्य फुटू नये म्हणून. १५९८ मध्ये चौथ्या हेन्रीच्या, प्रोटेस्टंटांना मर्यादित धर्मस्वातंत्र्य देणाऱ्या नांतच्या फर्मानाने हेच धोरण काही काळ अमलात आणलं. जर्मनीत तीस वर्षांच्या युद्धानंतर १६४८ मध्ये वेस्टफालियाचा तह झाला. त्यात माग्डेबुर्ग, हाल्बरश्टाट, ब्रेमेन, फेर्डेन ही बिशपांची संस्थानं उघडउघड राजांच्या पदरात टाकली गेली. पोप दहाव्या इनोसंटने तहाविरुद्ध निषेधाचं आज्ञापत्र काढलं. पण असा निषेध निघणार हे मुत्सद्द्यांना आधीच माहीत होतं आणि तो ग्राह्य धरला जाणार नाही हे कलम त्यांनी तहातच घालून ठेवलं होतं. पाचशे सत्तर वर्षांपूर्वी बादशहाला दाराशी ताटकळत ठेवणाऱ्या पोपपदाची ही अवस्था.

नोंदवहीचा प्रवास

आता ज्या वह्यांचं नाव शीर्षकात घेतलं त्यांच्याकडे येतो. माझ्या मते इथे ही प्रक्रिया सगळ्यांत स्पष्ट दिसते.

इंग्लंडमध्ये १५३८ मध्ये थॉमस क्रॉमवेलने प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायची आज्ञा केली. फ्रान्समध्ये १५३९ च्या राजाज्ञेने पाद्र्यांना बाप्तिस्म्यांची नोंद सक्तीची झाली. राजाला माणसाचं वय आणि वारस सिद्ध करायला कागद हवा होता, आणि गावात लिहिता येणारा भरवशाचा माणूस म्हणजे पाद्री. तेव्हा पाद्रीच सरकारी कारकून झाला. १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने आणखी एक गाठ मारली. पॅरिशचा पाद्री आणि दोन-तीन साक्षीदार हजर नसतील तर लग्नच अवैध.

ही व्यवस्था चालते कधी? गावातले सगळे एकाच पंथाचे असतील तोपर्यंत. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने नांतचं फर्मान रद्द केलं आणि कागदोपत्री फ्रान्समध्ये प्रोटेस्टंट उरलेच नाहीत. प्रत्यक्षात लाखो होते. सेवेनच्या डोंगरांत, रानात गुपचूप सभा भरवत आणि फिरत्या धर्मोपदेशकांकडून लग्नं लावून घेत. ती लग्नं कायद्याने लग्नंच नव्हती. बायको ही रखेल, मुलं अनौरस. बाप मेला की लांबचा एखादा कॅथलिक नातेवाईक कोर्टात उभा राही: हा मुलगा औरस नाही, मालमत्ता माझी. न्यायाधीश स्वतः कॅथलिक, पण वीस-तीस वर्षं सगळ्या गावासमोर संसार केलेल्या जोडप्याला अविवाहित म्हणायला त्यांनाही जड जाऊ लागलं. काही न्यायालयांनी असे दावे चक्क फेटाळले.

अखेर नोव्हेंबर १७८७ मध्ये सोळाव्या लुईने फर्मान काढलं. कॅथलिक नसलेल्यांना जन्म, लग्न, मृत्यू नोंदवता येईल. कुणासमोर? एक तर राजाच्या न्यायाधीशासमोर, नाहीतर पॅरिशच्या पाद्र्यासमोर. मात्र पाद्री ही नोंद धर्मगुरू म्हणून करणार नव्हता, नागरी अधिकारी म्हणून करणार होता. कल्पना करा: तोच माणूस, तीच लेखणी, पण संस्कार नाही, आशीर्वाद नाही. दोघं येऊन सांगणार की आम्ही नवरा-बायको आहोत, आणि तो कायद्याच्या नावाने लिहून घेणार. क्रांतीला अजून दीड-दोन वर्षं अवकाश होता आणि हे करणारा राजा रोज प्रार्थनेला जाणारा होता.

२० सप्टेंबर १७९२ ला विधिमंडळाने सगळ्याच नोंदी नगरपालिकांकडे सोपवल्या. त्याच दिवशी घटस्फोटही कायदेशीर झाला. नेपोलियनच्या सैन्यामागोमाग ही पद्धत बेल्जियम, ऱ्हाईनलँड, इटलीचे काही भाग इथे पोहोचली. फ्रान्समध्ये आजही जोडपं आधी नगरपालिकेत जातं. महापौर तिरंगी पट्टा घालून नागरी संहितेतली कलमं वाचून दाखवतो, सह्या होतात, आणि मग हवं असेल तर चर्च. वारंवार क्रम उलटा करणारा पाद्री कायद्याने दोषी ठरतो.

इंग्लंडला क्रांती लागली नाही, पण कारण तेच होतं. मेथडिस्ट, बॅप्टिस्ट वगैरे पंथांच्या लोकांना आपल्या मुलांचा जन्म सिद्ध करायला सरकारी चर्चची वही लागे आणि आपलं लग्न सरकारी चर्चमध्येच लावावं लागे. १७५३ च्या विवाह कायद्याने सूट दिली होती ती फक्त ज्यू आणि क्वेकर यांना. हे लोक कमालीचे धार्मिक होते आणि नेमकं म्हणूनच त्यांना दुसऱ्या पंथाच्या वेदीसमोर उभं राहायचं नव्हतं. त्यांच्याच रेट्याने १ जुलै १८३७ पासून सरकारी निबंधक कार्यालयं सुरू झाली.

गोव्यातल्या वाचकांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. पोर्तुगालमध्ये १९१० च्या ऑक्टोबरमध्ये राजेशाही गेली आणि त्याच वर्षअखेर लग्न हा नागरी करार ठरला. पुढच्या वर्षी नागरी नोंदणीची संहिता आणि चर्च-राज्य विभक्ततेचा कायदा आला. गोव्यात हिंदू जोडप्याला आजही नागरी नोंदणी कार्यालयात सही करावी लागते ती या परंपरेतून. सप्तपदीने लग्न लागतं, पण कायद्यासाठी वही वेगळी. कॅथलिकांसाठी पोर्तुगाल आणि व्हॅटिकन यांच्यातल्या १९४० च्या करारानंतर चर्चमधलं लग्न मान्य करण्याची वेगळी वाट निघाली. प्रजासत्ताकाच्या त्याच कायद्यांमुळे गोव्यातल्या हिंदूंना नोकऱ्यांमध्ये आणि नागरी हक्कांमध्ये बरोबरी मिळाली. आपल्याकडे ही बाजू फारशी सांगितली जात नाही.

प्रोव्हान्समधली मृत्युपत्रं

नोंदवह्या सरकारने नेल्या, हे वरून झालेलं. खालून, लोकांच्या मनात काय चाललं होतं? १७५० च्या शेतकऱ्याचा जो प्रश्न वर सोडला तो इथे येतो.

मिशेल वोव्हेल या फ्रेंच इतिहासकाराने प्रोव्हान्समधली अठराव्या शतकातली हजारो मृत्युपत्रं तपासली. तिथे बऱ्यापैकी साधा माणूसही नोटरीकडे मृत्युपत्र करत असे. शतकाच्या सुरुवातीचं मृत्युपत्र उघडलं की मालमत्तेवर यायला वेळ लागतो. आधी देवाला, कुमारी मेरीला, आपल्या नावाच्या संताला शरण जाणं. मग कुठल्या मठात पुरायचं, अंत्ययात्रेत किती मेणबत्त्या, कुठल्या धर्मबंधू-मंडळाने खांदा द्यायचा, आत्म्यासाठी किती मिस्सा (चर्चमधले प्रार्थनाविधी) म्हणायच्या आणि त्यासाठी किती पैसे. शतकाच्या मध्यानंतर हे सगळं ओसरत जातं. मिस्सांची मागणी कमी होते, मेरीचं नाव गळतं, दफन कुठे करायचं ते वारसांवर सोडलं जातं. राज्यक्रांतीच्या उंबरठ्यावरची कितीतरी मृत्युपत्रं सरळ घर, शेत आणि भांडीकुंडी यांच्या वाटणीने सुरू होतात.

कुणी यांच्यावर जबरदस्ती केलेली नव्हती. याचा अर्थ काय लावायचा, यावर इतिहासकारांत अजून वाद आहे. एक बाजू म्हणते, शुद्धीस्थानाची, म्हणजे मेल्यावर आत्म्याला पापं फेडावी लागतात त्या जागेची, भीतीच कमी झाली. दुसरी म्हणते, श्रद्धा तितकीच होती, फक्त माणसं आता नोटरीऐवजी बायकामुलांवर विश्वास टाकू लागली आणि या गोष्टी घरात तोंडी बोलल्या जाऊ लागल्या. मला दोन्हीत तथ्य वाटतं. दुसरी बाजू खरी धरली तरी फरक लहान नाही, कारण मरण ही गावाची आणि चर्चची बाब न राहता घरची होत गेली.

एका शपथेने देश दुभंगला

क्रांतीने नोव्हेंबर १७८९ मध्ये चर्चची मालमत्ता ताब्यात घेतली ती मुख्यतः तिजोरी रिकामी होती म्हणून. खरा घोळ झाला तो १७९० च्या जुलैतल्या कायद्याने. पाद्री हे सरकारी नोकर, त्यांची निवड मतदानाने, आणि त्यांनी राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घ्यायची. १७९१ मध्ये साधारण निम्म्या पाद्र्यांनी शपथ घेतली, निम्म्यांनी नाकारली. पश्चिमेकडच्या व्हांदे भागात नकार मोठा, पॅरिसच्या भोवती आणि आग्नेयेला होकार मोठा.

यातला एक धागा मला अजूनही चक्रावून टाकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर फर्नांद बुलार या पाद्र्याने फ्रान्समध्ये कुठल्या भागात लोक चर्चला जातात याचा नकाशा तयार केला. तो १७९१ च्या शपथेच्या नकाशावर ठेवला तर दोन्ही बऱ्याच प्रमाणात जुळतात. दीडशे वर्षांत रेल्वे आली, कारखाने आले, दोन महायुद्धं झाली, पण कुठल्या गावाने चर्चची बाजू घेतली हे कायम राहिलं. म्हणजे श्रद्धा कमी-जास्त होण्यात शास्त्रीय शिक्षणाइतकंच, कदाचित त्याहून जास्त, राजकीय भांडण कामी आलं. जिथे चर्च हरलेल्या पक्षाशी बांधलं गेलं तिथे त्या पक्षाबरोबर तेही बुडालं.

एकोणिसाव्या शतकात हा झगडा शाळेत शिरला. १८८१-८२ च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचं आणि धर्मशिक्षणमुक्त झालं. ९ डिसेंबर १९०५ चा विभक्ततेचा कायदा हा त्याचा कळस. त्या कायद्यापूर्वी बांधलेली बहुतेक कॅथीड्रलं आज सरकारच्या मालकीची आहेत. २०१९ मध्ये पॅरिसचं नोत्र-दाम जळालं तेव्हा जळाली ती सरकारी इमारत होती.

अमेरिकेत उलटा रस्ता

अमेरिकेत हे काम चर्चविरोधकांनी केलंच नाही. १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स वसवणारा रॉजर विल्यम्स इतका कर्मठ होता की मॅसॅच्युसेट्सचे प्युरिटन, म्हणजे कडक प्रोटेस्टंटही, त्याला पुरेसे शुद्ध वाटेनात. राज्याने धर्मात हात घातला की धर्म विटाळतो, म्हणून मध्ये कुंपण हवं, असं त्याचं म्हणणं. व्हर्जिनियात परवान्याशिवाय उपदेश करणाऱ्या बॅप्टिस्टांना तुरुंगात टाकलं जाई. जेफरसन आणि मॅडिसन यांना १७८६ चा धर्मस्वातंत्र्याचा कायदा करता आला तो या बॅप्टिस्टांच्या पाठिंब्यावर. चर्च आणि राज्य यांच्यामधली ‘भिंत’ हा जेफरसनचा सुप्रसिद्ध शब्दप्रयोग १ जानेवारी १८०२ च्या पत्रातला आहे, आणि ते पत्रही कनेक्टिकटमधल्या बॅप्टिस्टांनाच लिहिलेलं. राज्यघटनेतल्या १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीने फक्त केंद्र सरकारवर बंधन आलं, राज्यांवर नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चसाठी सरकारी कर १८३३ पर्यंत चालू होता.

परिणाम काय झाला? सरकारी चर्च नाही, त्यामुळे प्रत्येक पंथाला माणसं स्वतः जमवावी लागली आणि त्यांनी ती जमवली. राज्य सेक्युलर, समाज धार्मिक. उलट डेन्मार्कमध्ये राष्ट्रीय चर्च राज्यघटनेत आहे आणि रविवारी बाकं रिकामी. हे दोन प्रश्न वेगळे ठेवले नाहीत की चर्चेचा विचका होतो.

कारखाने, शपथा आणि १९६० चं दशक

लोकांचं चर्चला जाणं कमी झालंय हे आकड्यांत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसलं ते इंग्लंडमध्ये. ३० मार्च १८५१ च्या रविवारी सरकारने प्रत्येक प्रार्थनास्थळातली हजेरी मोजली. येऊ शकणाऱ्यांपैकी फार मोठा वर्ग आलाच नव्हता, आणि तो मुख्यतः औद्योगिक शहरांतला कामगार होता. अहवाल लिहिणाऱ्या होरेस मानने त्यांना ‘नकळत सेक्युलर’ म्हटलं. ते नास्तिक नव्हते. गावातून शहरात आले, नव्या वस्तीत चर्च नव्हतं, असलं तर चांगली बाकं भाड्याने दिलेली, अंगावर धड कपडे नाहीत. त्यांनी देव नाकारला नाही, त्यांचा संबंध सुटला.

जाणीवपूर्वक नास्तिक असलेल्यांची गोष्ट वेगळी. चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० मध्ये नॉर्थम्प्टनमधून संसदेवर निवडून आला आणि धार्मिक शपथेऐवजी प्रतिज्ञा करू द्या म्हणाला. नाही म्हटल्यावर शपथ घ्यायला तयार झाला, तर नास्तिकाला शपथही घेऊ देईनात. जून १८८० मध्ये त्याला एक रात्र संसदेच्या घड्याळ-मनोऱ्यात अटकेत ठेवलं. मतदारांनी त्याला पुन्हा पुन्हा निवडून दिलं. १८८६ मध्ये एकदाचा तो आसनस्थ झाला आणि १८८८ मध्ये प्रतिज्ञेचा कायदा करून घेतला. हाच ब्रॅडलॉ १८८९ च्या डिसेंबरात काँग्रेसच्या अधिवेशनासाठी मुंबईला आला होता.

तरीही युरोपात चर्चची मोठी पडझड झाली ती १९६० च्या दशकानंतर. क्यूबेकचं उदाहरण घ्या. कॅनडाच्या या फ्रेंचभाषक प्रांतात शाळा आणि रुग्णालयं बहुतांशी कॅथलिक चर्चच्या हातात होती. १९६० नंतर सरकारने ती झपाट्याने घेतली, १९६४ मध्ये शिक्षण मंत्रालय उभं केलं, आणि एका पिढीत चर्च ओस पडली. गंमत म्हणजे तिथे जन्म-लग्नाच्या नोंदवह्या मात्र १९९४ पर्यंत पॅरिशकडेच राहिल्या. तेव्हा वही गेली की श्रद्धा जाते असा नियम मी सांगत नाही. पण शाळा, दवाखाना आणि मदतीचा हात ही कामं गेली की चर्चला जाण्याची रोजची कारणं जातात, हे क्यूबेकने फार थोड्या काळात दाखवलं.

पूर्ण झालं का?

नाही. इंग्लंडच्या लॉर्ड्स सभागृहात चर्च ऑफ इंग्लंडच्या २६ बिशपांना आजही पदसिद्ध जागा आहेत. फ्रान्समधल्या अल्सास आणि मोझेल भागांत १९०५ चा कायदा लागूच नाही, कारण तेव्हा ते जर्मनीत होते. तिथल्या पाद्री, पास्टर आणि रब्बींचा पगार फ्रेंच सरकार देतं. जर्मनीत चर्चच्या सदस्यांकडून आयकराच्या ८ किंवा ९ टक्के चर्च-कर सरकारी खात्यामार्फत कापला जातो, आणि चर्च सोडायचं असेल तर बहुतेक राज्यांत पाद्र्याकडे न जाता कोर्टात किंवा नागरी नोंदणी कार्यालयात जावं लागतं. त्यात आणखी एक जुनं देणं आहे. १८०३ मध्ये जर्मन राजांनी बिशपांची संस्थानं आणि मठ ताब्यात घेतले आणि चर्चच्या खर्चाची जबाबदारी त्याबरोबर अंगावर घेतली. असली सगळी जुनी देणी संपवा, असं १९१९ च्या वायमार राज्यघटनेने बजावलं होतं आणि ते कलम आजच्या जर्मन राज्यघटनेतही कायम आहे. पण एकरकमी किती द्यायचे यावर एकमत होत नाही, म्हणून जर्मनीतली बहुतेक राज्यं अजून दरवर्षी चर्चना मिळून ५० कोटी युरोंहून जास्त रक्कम भरतात.